मताधिक्य आणि हरलेल्याचे स्थान

निवडून आलेल्या व्यक्तीला सर्वांवर लागू होणारे निर्णय घेण्याचा अधिकार कोठून मिळतो, या प्रश्नाला लोकशाहीचे रूढ उत्तर 'लोकांच्या मतांतून' असे असले, तरी ते उत्तर अर्ध्या वाटेवर थांबते. कारण मतदारसंघातील पुष्कळ लोकांनी, कित्येकदा निम्म्याहून अधिक लोकांनी, त्या व्यक्तीला मत दिलेलेच नसते आणि तरीही तिचा अधिकार त्यांच्यावर तितकाच चालतो. मताधिक्य, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांच्या मतांतील फरक, मोठे असले म्हणजे हा अधिकार अधिक बळकट होतो काय, आणि थोडक्यात मिळालेला विजय नैतिकदृष्ट्या उणा मानावा काय, असे दोन प्रश्न त्यातून पुढे येतात. राज्यशास्त्र या प्रश्नांना आकडेवारीच्या अंगाने भिडते. परंतु अधिकार, प्रारब्ध, जय-पराजय आणि समूहाची इच्छा या कल्पनांचा विचार धर्माने आणि तत्त्वज्ञानाने निवडणुकांच्या कितीतरी आधीपासून केलेला असल्यामुळे हा विषय केवळ निवडणूक-अभ्यासकांवर सोपवण्याजोगा नाही.

रत्नागिरी जिल्ह्याच्या चिपळूण तालुक्यातील सावर्डे हे मुंबई-गोवा महामार्गावरचे आणि कोकण रेल्वेवरचे गाव या विचारासाठी सोयीचे ठरते. ते चिपळूण विधानसभा मतदारसंघात येते. २००८ च्या पुनर्रचनेत संगमेश्वर हा स्वतंत्र मतदारसंघ संपुष्टात आला आणि त्या तालुक्याचा काही भाग चिपळूणला जोडला गेला, तेव्हापासून हा मतदारसंघ आजच्या रूपात आहे. १९८९ आणि १९९१ मध्ये रत्नागिरीतून लोकसभेवर निवडून गेलेले काँग्रेसचे गोविंदराव निकम यांचे हे गाव असून सह्याद्री शिक्षण संस्थेचे केंद्रही येथेच आहे. त्यांचे पुत्र शेखर निकम यांनी २०१४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसच्या उमेदवारीवर शिवसेनेच्या सदानंद चव्हाण यांच्याशी लढत दिली आणि ते सुमारे सहा हजार मतांनी हरले; २०१९ मध्ये त्याच प्रतिस्पर्ध्याला त्यांनी जवळजवळ तीस हजार मतांनी हरवले; आणि २०२४ मध्ये, पक्ष दुभंगल्यानंतर अजित पवार यांच्या बाजूला राहून, शरद पवार यांच्या पक्षाचे प्रशांत यादव यांच्याविरुद्ध सात हजारांहून कमी मतांनी ते निवडून आले. दहा वर्षांतील या तीन निवडणुकांत एकदा पराभव, एकदा मोठा विजय आणि एकदा काठावरचा विजय असा क्रम लागतो. चुरशीच्या कोणत्याही मोजमापाने हा मतदारसंघ जिवंत ठरतो.

चुरस मोजण्याच्या पद्धतींकडे मात्र थोडे बारकाईने पाहावे लागते. मताधिक्य ही सर्वांत सोपी पद्धत होय, आणि २०२४ च्या महाराष्ट्रात तिची दोन्ही टोके दिसली: मालेगाव मध्यमध्ये १६२ आणि साकोलीत २०८ मतांनी निकाल लागला, तर शिरपूरमध्ये विजयी उमेदवार दुसऱ्यापेक्षा सुमारे एक लाख पंचेचाळीस हजारांनी पुढे होता. दुसरी पद्धत 'प्रभावी पक्षसंख्या' काढण्याची. लाक्सो आणि तागेपेरा या अभ्यासकांनी ती १९७९ मध्ये मांडली. प्रत्येक पक्षाच्या मतांच्या वाट्याचा वर्ग करावा, त्या वर्गांची बेरीज करावी आणि तिने एकाला भागावे, म्हणजे स्पर्धेत खऱ्या अर्थाने किती पक्ष आहेत ते कळते. दोन पक्षांना निम्मी निम्मी मते असतील तर उत्तर दोन येते, आणि एकाला ऐंशी व दुसऱ्याला वीस टक्के असतील तर ते दीडच्याही खाली उतरते. दोन्ही पद्धती स्पर्धेची तीव्रता सांगतात. स्पर्धा कशाबद्दल होती, याविषयी मात्र त्या काहीच बोलत नाहीत. चिपळुणात २०२४ मध्ये घड्याळ आणि तुतारी वाजवणारा माणूस या दोन चिन्हांत झालेली लढत आकड्यांच्या दृष्टीने अटीतटीची होती, पण दोन्ही पक्ष दीड वर्षापूर्वीपर्यंत एकच होते, दोहोंचा संस्थापक एकच होता, आणि ज्या धोरणात्मक मुद्द्यावर ते कायमचे वेगळे झाले असा मुद्दा सामान्य मतदाराला सहज सांगता आला नसता. तीव्र स्पर्धा आणि खरी निवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या एका लढतीवरून पुरेसे स्पष्ट होते.

समूहाची इच्छा जाणून घेण्याची कोकणाची आपली एक जुनी रीत आहे आणि निवडणुकीशी तिची तुलना केल्यावाचून येथील अधिकारकल्पना नीट उलगडत नाही. ही रीत म्हणजे ग्रामदेवतेला कौल लावणे. तपशील गावागणिक बदलतो, परंतु सर्वसाधारणपणे मूर्तीवर किंवा पाषाणावर ठरावीक जागी ओल्या कळ्या, पाकळ्या वा तांदळाचे दाणे चिकटवले जातात, गुरव मानकऱ्यांच्या साक्षीने देवापुढे प्रश्न मांडतो, आणि उजवीकडचे आधी पडले तर होकार व डावीकडचे पडले तर नकार असे समजले जाते. पालखी कधी बाहेर काढायची, जीर्णोद्धार यंदा करावा की पुढे ढकलावा, दोन भावक्यांमधल्या जुन्या वादाचा शेवट कसा करावा, असे प्रश्न अशा रीतीने सुटत आले आहेत. या पद्धतीचे मर्म असे की तिच्यात उत्तर मिळते, पण मताधिक्य मिळत नाही. ज्याच्या विरुद्ध कौल गेला त्याला देव एकोणपन्नास टक्के आपल्या बाजूने होता असे कोणी सांगत नाही. नकार मिळालेला माणूस गावापुढे हरलेला ठरत नाही, कारण त्याच्या विरुद्ध उभे राहिलेले कोणी माणूस नसते. मानभंग न होता निर्णय व्हावा, ही छोट्या, एकमेकांवर अवलंबून असलेल्या वस्तीची गरज ही रीत भागवते. घाटावरच्या मोठ्या गावांपेक्षा कोकणातील विखुरलेल्या वाड्यांना ही गरज अधिक भासली असावी, असे म्हणण्यास जागा आहे.

कौलाच्या या सोयीची किंमतही मोजावी लागते. प्रश्न कोण मांडतो आणि कसा मांडतो यावर उत्तराचा आवाका ठरतो. देव होय किंवा नाही एवढेच म्हणू शकतो, प्रश्न बदला असे तो म्हणू शकत नाही. प्रश्न मांडण्याचा मान ठरावीक घराण्यांकडे असल्याने ज्या वाड्यांना मानपानात स्थान नाही, त्यांचे प्रश्न देवापुढे पोहोचतच नाहीत. निवडणुकीने हा दोष काही अंशी दूर केला, कारण वयात आलेला प्रत्येक जण तेथे प्रश्नकर्ता नसला तरी उत्तरकर्ता असतो; आणि काही अंशी तो तसाच ठेवला, कारण उमेदवार कोण असावेत हा प्रश्न अजूनही पक्षांच्या बैठकांतच मांडला जातो आणि मतदाराच्या हाती तयार यादी येते. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आलेला 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय, म्हणजे नोटा, या उणिवेची कायद्याने दिलेली कबुली मानता येईल. २०१९ मध्ये लातूर ग्रामीणमध्ये नोटाला सत्तावीस हजारांहून अधिक मते पडून तो दुसऱ्या क्रमांकावर राहिला. विजयी उमेदवाराच्या अधिकारात त्यामुळे कायद्याने काहीही कमी झाले नाही, हे वेगळे सांगायला नको.

स्पर्धेवरचा सर्वांत मूलगामी आक्षेप कोकणातच जन्मलेल्या एका विचारवंताने घेतला. पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ मध्ये जन्मलेले विनोबा भावे यांनी राजनीतीच्या जागी लोकनीती हवी असे मांडताना बहुमताच्या तत्त्वावरच बोट ठेवले: पाचांच्या मुखी परमेश्वर असे पूर्वीचा समाज मानत असे, आता तिघांनी दोघांना हरवले तरी ठराव संमत होतो, आणि मग त्या दोघांच्या मुखातला परमेश्वर कोठे गेला असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. सर्वसंमती किंवा निदान कोणाचा तीव्र विरोध नसणे ही त्यांना निर्णयाची धार्मिक कसोटी वाटत होती. हा आक्षेप वरवरचा नाही. प्रत्येक जीवात एकच तत्त्व आहे असे मानणाऱ्या अद्वैती भूमिकेतून पाहिले तर मतांची बेरीज करणे हाच एक प्रकारचा भेदभाव ठरतो, कारण ज्याची मोजदाद करता येते ते अंतिम सत्य नसते आणि एक्कावन्नांनी एकोणपन्नासांवर चालवलेला अधिकार शेवटी बळाचाच राहतो, फक्त ते बळ काठीऐवजी संख्येचे असते.

मात्र एकमताची ही आकांक्षा प्रत्यक्षात कोणत्या वाटेने जाते, याची उदाहरणे महाराष्ट्राने पाहिली आहेत. बिनविरोध ग्रामपंचायत ही गावाच्या एकोप्याची खूण म्हणून मिरवली जाते. पण नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये रद्द केल्या, कारण तेथे पदांचा लिलाव झाल्याचे समोर आले होते. उमराण्यात लागलेली बोली दोन कोटींच्या वर गेली होती आणि तो पैसा मंदिराच्या बांधकामाला जायचा होता. देवाच्या नावाने आणि गावाच्या संमतीने झालेला हा व्यवहार विनोबांच्या विचाराची विटंबना होय, यात शंका नाही. तरी त्यातून एक तथ्य हाती लागते. विरोधाला जागाच न ठेवणारी संमती कोणी कमावली, कोणी विकत घेतली आणि कोणी भीतीपोटी दिली, हे बाहेरून ओळखण्याचे साधन उरत नाही. विरोधी मत नोंदवले गेले असते तर निदान संमतीची किंमत कळली असती. विनोबांच्या नैतिक मागणीचे मोल मान्य करूनही तिचे संस्थात्मक रूप पटत नाही, ते याच ठिकाणी.

या वादाची दुसरी बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. त्यांचे मूळ गाव आंबडवे हे रत्नागिरी जिल्ह्याच्याच मंडणगड तालुक्यातले. बहुसंख्येला राज्य करण्याचा जणू दैवी हक्क आहे, अशी समजूत भारतीय राष्ट्रवादात रुजत असल्याची टीका त्यांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात केली, आणि १९५५ मध्ये भाषावार प्रांतरचनेवर लिहिताना राजकीय बहुमत व जमातीचे बहुमत यांतला भेद स्पष्ट केला: पहिले घडते, मोडते आणि पुन्हा घडते, त्यात कोणीही शिरू शकतो, दुसरे जन्माने ठरते आणि त्याचे दार बाहेरच्याला बंद असते. चुरशीचा नैतिक अर्थ या भेदातून अधिक स्वच्छ होतो. आजचा अल्पसंख्य उद्या बहुसंख्य होण्याची वास्तव शक्यता जोपर्यंत आहे, तोपर्यंतच एक्कावन्नांनी एकोणपन्नासांवर राज्य करणे समर्थनीय ठरते, आणि ही शक्यता नसेल तर नव्वद टक्के मतांचे पाठबळही त्या राज्याला न्याय्य करू शकत नाही. कोकणातील निवडणुकांत कुणबी, मराठा, भंडारी, मुस्लिम, बौद्ध अशी गणिते प्रत्येक वेळी मांडली जातात आणि पत्रकार ती अंदाजांच्या रकान्यांत छापतातही. तरी चिपळूणचा निकाल दोन निवडणुकांत सहा हजारांनी एका बाजूला आणि तीस हजारांनी दुसऱ्या बाजूला झुकला, म्हणजे जन्माने ठरलेली गणिते तेथे पुरी पडली नाहीत. आंबेडकर स्वतः १९५२ मध्ये मुंबईतून आणि १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यातून हरले, आणि तरीही संसदीय मार्ग त्यांनी सोडला नाही. हरण्याचा अनुभव घेतलेल्या माणसाने केलेले हे विवेचन आहे, म्हणून त्याला वेगळे वजन येते.

मताधिक्याचा प्रश्न त्याच्या टोकाला, म्हणजे शून्यापर्यंत, नेला तर एक विलक्षण गोष्ट दिसते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ६५ नुसार दोन उमेदवारांची मते सारखी झाली आणि आणखी एका मताने निकाल लागणार असेल, तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने चिठ्ठ्या टाकाव्यात आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्याला एक जादा मत मिळाले असे समजावे. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये भाजप आणि शिवसेना यांच्या उमेदवारांना प्रत्येकी ५,९४६ मते पडली, तेव्हा अशाच प्रकारे चिठ्ठी काढून भाजपच्या उमेदवाराला विजयी घोषित करण्यात आले. कायद्याची शब्दरचना येथे लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. ती चिठ्ठीने निकाल लागला असे म्हणत नाही, चिठ्ठीने एक मत दिले असे मानते. दैवाला क्षणभर मतदार करून घेतल्याखेरीज अधिकाराची मालिका पूर्ण होत नाही, असा याचा अर्थ. मनुष्यांच्या हिशेबाच्या कक्षेबाहेर ठेवलेली कौलाची रीत अशा वेळी सरकारी टेबलावर परत येते, फरक इतकाच की गुरवाच्या जागी निवडणूक निर्णय अधिकारी असतो आणि गाऱ्हाणे घातले जात नाही.

प्राचीन काळी चिठ्ठीला असे शेवटच्या क्षणीचे दुय्यम स्थान नव्हते. तमिळनाडूतील उत्तरमेरूरच्या चोळकालीन शिलालेखात पात्र व्यक्तींची नावे लिहिलेल्या ताडपत्राच्या चिठ्ठ्या घड्यात टाकून ग्रामसमितीचे सदस्य निवडण्याची पद्धत नोंदवलेली आहे, आणि ॲरिस्टॉटलने चिठ्ठीने नेमणूक करणे हे लोकशाहीचे, तर निवडणुकीने नेमणूक करणे हे अल्पजनसत्तेचे लक्षण मानले होते; कारण निवडणुकीत कुल, संपत्ती आणि प्रसिद्धी यांचा पगडा बसतो, असे त्या काळच्या अनुभवावरून दिसत होते. सावर्ड्यासारख्या ठिकाणी या निरीक्षणाची आठवण ठेवणे योग्य ठरते. शाळा, महाविद्यालये आणि त्यांच्यामुळे मिळालेल्या नोकऱ्या यांतून एखाद्या घराण्याविषयी भागात कृतज्ञतेची भावना निर्माण होणे स्वाभाविक आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण मानणाऱ्या परंपरेत उपकाराची जाणीव ठेवणे हा सद्गुणच होय. पण मत हे ऋण फेडण्याचे साधन मानले तर पुढच्या उमेदवाराला, ज्याने अद्याप कोणावर उपकार केलेले नाहीत, स्पर्धेत उतरण्याचा मार्गच राहत नाही. संस्थापकाच्या पुत्राला याच मतदारसंघाने २०१४ मध्ये नाकारले होते, म्हणून येथील मतदाराने ऋण आणि मत यांत काही अंतर राखले आहे असे म्हणता येते. सगळ्याच ठिकाणी ते राखले जाते असे नाही.

जय आणि पराजय समान मानावेत हा गीतेतला उपदेश निवडणुकीच्या काळात व्यासपीठांवरून पुष्कळदा ऐकू येतो, आणि बहुतेक वेळा हरलेल्या उमेदवाराच्या तोंडून. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'गीतारहस्या'त या समत्वाचा अर्थ कर्मत्याग असा न लावता लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाजाची घडी टिकवून धरण्यासाठी, फलाची आसक्ती सोडून केलेले कर्म असा लावला. तो अर्थ स्वीकारला तर समत्वाचा संबंध निकालाच्या दिवसाच्या भावनेशी कमी आणि त्यानंतरच्या पाच वर्षांच्या कामाशी अधिक येतो. जिंकलेल्याने हरलेल्याच्या मतदारांशी आपल्या मतदारांसारखेच वागावे आणि हरलेल्याने पुढच्या वेळेपर्यंत विरोधकाचे काम न सोडता करत राहावे, ही या समत्वाची दोन व्यावहारिक अंगे होत. टिळकांचे राजकीय प्रतिस्पर्धी गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म १८६६ मध्ये गुहागर तालुक्यातील कोतळूक येथे झाला. सार्वजनिक जीवनाला आध्यात्मिक अधिष्ठान हवे, हा १९०५ मध्ये त्यांनी स्थापलेल्या भारत सेवक समाजाचा पाया होता. दोघांचे मार्ग आयुष्यभर वेगळे राहिले, आणि एकाने दुसऱ्याच्या गोटात जाऊन वाद मिटवला नाही.

या समत्वाच्या अगदी उलट घडामोडी मतमोजणीच्या तपशिलातून होतात. मत गुप्त असते, परंतु मोजणी मतदान केंद्रानुसार होते आणि प्रत्येक केंद्राचे आकडे जाहीर केले जातात. कोकणात एक केंद्र म्हणजे पुष्कळदा दोन-तीन वाड्या, आणि वाडी म्हणजे बहुधा एकाच भावकीची किंवा एकाच जातीची वस्ती. त्यामुळे व्यक्तीचे मत झाकलेले राहिले तरी वाडीचे उघडे पडते. अनेक यंत्रांतील मते एकत्र करून मोजणारे 'टोटलायझर' हे उपकरण वापरावे असा निवडणूक आयोगाचा प्रस्ताव होता आणि विधी आयोगानेही २०१५ मध्ये त्याला पाठिंबा दिला होता, पण ते अमलात आले नाही. मताधिक्य जेथे मोठे असते तेथे एखाद्या वाडीच्या चारशे मतांकडे कोणी फिरकत नाही. जेथे ते थोडे असते तेथे त्या चारशे मतांना भाव येतो. रस्ता होतो, साकव होतो, आणि मते विरुद्ध गेली असतील तर पाण्याची योजना रेंगाळते. मुंबईत राहणाऱ्या पण गावच्या यादीत नाव असलेल्या चाकरमान्यांना मतदानासाठी आणण्याचा प्रश्नही असाच आहे: मतदारांना केंद्रावर नेण्या-आणण्यासाठी उमेदवाराने वाहन भाड्याने घेऊन देणे हा लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२३ नुसार भ्रष्ट आचार असला, तरी लढत जेवढी अटीतटीची तेवढा हा मोह प्रबळ होतो. चुरशीमुळे लोकप्रतिनिधी मतदाराकडे लक्ष देतो हे जितके खरे, तितकेच हेही खरे की सूड आणि लाच या दोहोंचा नेम तिच्यामुळे अधिक अचूक होतो. चुरस हे स्वयंसिद्ध मूल्य मानणाऱ्यांना या तथ्याचे समाधानकारक उत्तर द्यावे लागेल.

मग स्पर्धेत राखण्याजोगे काय उरते? बेल्जियन विचारवंत शांताल मूफ यांनी शत्रू आणि प्रतिस्पर्धी यांत केलेला भेद येथे उपयोगी पडतो: शत्रूचा नायनाट करायचा असतो, तर प्रतिस्पर्ध्याचे मत खोडून काढायचे असते आणि ते मत मांडण्याचा त्याचा हक्क मात्र राखायचा असतो. सावर्ड्याच्या शिमग्यातील होल्टे होम या प्रथेत दोन बाजूंनी उभे राहिलेले गावकरी जळती लाकडे एकमेकांच्या दिशेने फेकतात. बाहेरून आलेल्याला ते भांडण वाटावे, पण त्या झुंजीत दोन्ही बाजूंची गरज असते, कारण एक बाजू मैदान सोडून गेली तर प्रथाच राहणार नाही. पोलिश-अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ ॲडम प्शेवोर्स्की यांनी लोकशाहीची ओळख सत्ताधारी पक्ष निवडणूक हरू शकतात या एका गोष्टीवर बेतली, आणि ती बरोबर आहे. परंतु तिच्यात एक भर घालावी लागते. हरता येणे पुरेसे नाही, हरून विरोधात राहता आले पाहिजे.

रत्नागिरी जिल्ह्यातील अलीकडचा अनुभव नेमका या भरीच्या अभावाचा आहे. भास्कर जाधव १९९५ आणि १९९९ मध्ये शिवसेनेकडून चिपळूणचे आमदार झाले, २००४ मध्ये अपक्ष म्हणून तेथेच हरले, २००९ आणि २०१४ मध्ये राष्ट्रवादीकडून गुहागर जिंकले आणि २०१९ मध्ये पुन्हा शिवसेनेकडून तेथेच निवडून आले. राजापूरचे राजन साळवी २०२४ मध्ये उद्धव ठाकरे यांच्या पक्षाचे उमेदवार म्हणून किरण सामंत यांच्याकडून हरले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये, म्हणजे तीन महिन्यांच्या आत, ज्या पक्षाने त्यांना हरवले होते त्याच एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत गेले. येथे कोणाच्या हेतूंचा न्यायनिवाडा करण्याचे कारण नाही. प्रत्येक पक्षांतरामागे कार्यकर्त्यांची कामे, निधी आणि अस्तित्वाची चिंता असते, आणि १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याचा हात निवडून न आलेल्यांपर्यंत पोहोचत नाही. प्रश्न मतदाराच्या बाजूचा आहे. ज्यांनी साळवींना मते दिली त्यांची मते मोजली गेली, नोंदवली गेली आणि मग जिंकलेल्या बाजूला जमा झाली. त्यांच्या वतीने विरोध करण्यासाठी कोणी जागेवर राहिले नाही. मोजदादीत त्यांचा पराभव झाला होता, त्यानंतर त्यांचे विसर्जन झाले.

राज्यपातळीवर हेच चित्र आकड्यांत दिसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांना मिळून निम्म्याहून थोडी कमी मते आणि २८८ पैकी २३० जागा, तर महाविकास आघाडीच्या तीन प्रमुख पक्षांना सुमारे एक तृतीयांश मते आणि ४६ जागा मिळाल्या. सर्वाधिक मतांचा उमेदवार विजयी या पद्धतीत असा विपर्यास नवा नाही आणि पूर्वी त्याचा लाभ काँग्रेसनेही भरपूर घेतला. परंतु त्याचा एक परिणाम हरलेल्याच्या स्थानाशी थेट निगडित आहे. हरलेल्या उमेदवाराला कायदा जवळजवळ काहीच देत नाही. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाल्यास दहा हजारांची अनामत परत मिळते, एवढेच. हरलेल्या पक्षांना मात्र सभागृहात एक पद मिळू शकते, ते विरोधी पक्षनेत्याचे, आणि त्या पदासाठी एकूण सदस्यसंख्येच्या दहा टक्के, म्हणजे २९ सदस्य एका पक्षाचे असावेत, असा संकेत सांगितला जातो; २०२४ च्या निकालानंतर विरोधातील सर्वांत मोठ्या पक्षाकडे, ठाकरे यांच्या शिवसेनेकडे, वीसच सदस्य होते. त्या पक्षाने मार्च २०२५ मध्ये विधानसभा अध्यक्षांकडे या पदासाठी भास्कर जाधव यांचे नाव दिले. चिपळूणला लागून असलेल्या गुहागरमधून ते तीन हजारांहून कमी मतांनी निवडून आले होते, आणि जिल्ह्यातील पाच आमदारांपैकी विरोधी बाजूला बसलेले ते एकटेच होते. राज्यातील एक तृतीयांश मतदारांच्या वतीने सभागृहात बोलण्याचे पद त्यांना द्यावे की नाही, याचा निर्णय ज्या अध्यक्षांनी घ्यायचा, ते सत्ताधारी पक्षाचे होते.